पेशकारांची कचेरी

निजामाचं राज्य गेलं, त्याचा शिक्का गेला, त्याची टपालाची तिकिटं गेली. पण त्या राज्यातली न्यायदानाची एक थोर परंपरा आमच्या औरंगाबादेत पुढेही अखंड चालू राहिली आणि तिचा शेवटचा वारस मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आहे. मोंढ्याजवळच्या एका गॅरेजात, कडुनिंबाखाली, कुठल्याशा मोटारीतून उपटून काढलेल्या मागच्या सीटवर तो बसत असे. फिर्याद बहुधा क्लचची असे.

पेशकार म्हणजे न्यायाधीशाच्या खालच्या टेबलाशी बसून कागद पुढे करणारा आणि साक्षीदार काय बोलला ते उतरवून घेणारा माणूस. आमच्या पेशकारांनी हे काम आधी उर्दूत केलं. पोलीस ॲक्शननंतर कोर्टाची भाषा बदलली, शेरवान्या जाऊन काळे कोट आले. पेशकार त्याच खुर्चीवर बसून राहिले. निवृत्त झाल्यावर त्यांना घरात करमेना, म्हणून ते युसूफभाई मिस्त्रींच्या गॅरेजात चहाला जाऊ लागले आणि संध्याकाळपर्यंत तिथेच बसू लागले. त्यांना मोटार चालवता येत नव्हती. त्यांच्याकडे सायकल होती, आणि तीही ते बहुतेक वेळा हातात धरून चालत. त्यांचं खरं नाव मी पहिल्यांदा वाचलं ते त्यांच्या फोटोखाली, हार घातल्यावर.

आपली गाडी बिघडली म्हणून कुणी तावातावाने गॅरेजात शिरला, की मिस्त्री बॉनेटकडे वळायच्या आत पेशकार हात वर करत. "आधी इंजिन बंद. कचेरीत आरडाओरडा चालत नाही." इंजिनातून आवाज येतो हीच ज्याची तक्रार, त्याला इंजिन बंद करून आवाजाबद्दल बोलायला लावणं हा प्रकार नव्या माणसाला विचित्र वाटे. एका इंजिनिअरने तसं बोलून दाखवलं. पेशकार त्याला शांतपणे म्हणाले, "गाडीला खोटं बोलता येत नाही. जिला खोटं बोलता येत नाही, तिला विचारून काय हशील? तुम्ही बसा. तुमच्यापासून सुरुवात करू."

मग ते मालकाला विचारत, ड्रायव्हर असेल तर ड्रायव्हरला, मागच्या वेळी काम केलेल्या मिस्त्रीला. प्रश्न साधे असत. गाडी कुठं गेली होती? आत कोण कोण होतं? आवाज पहिल्यांदा कुणी ऐकला? ऐकल्यावर बाकीचे काय म्हणाले? आणि सगळ्यात शेवटी, जाता जाता विचारल्यासारखं: "बरं, त्याआधी गाडी कुणाकडं होती?" या प्रश्नाशी नव्वद टक्के खटले संपत. टक्केवारी त्यांची, ते ती छातीला हात लावून सांगत, म्हणजे तिला आधार काही नसणार.

सोयगावकडचे एक जमीनदार होते, बापूसाहेब. त्यांच्या गाडीची क्लच प्लेट पुन्हा पुन्हा जळे आणि ते दर वेळी निरनिराळ्या मिस्त्रीला शिव्या देऊन शेवटी युसूफभाईंना शिव्या द्यायला आले. "लई माल खाल्ला तुम्ही लोकांनी," ते गरजत होते. "गाडीत नुसता मी बसतो. नुसता! दुसरं कुणी हात लावत नाय." पेशकारांनी त्यांना सीटवर शेजारी बसवलं, चहा दिला आणि घरची चौकशी सुरू केली. कापूस कसा आहे, धाकटीचं लग्न झालं का, जावई काय करतात. जावई सध्या इथंच असतात, म्हणाले बापूसाहेब. शेतीत लक्ष घालतात.

"म्हणजे कापूस जिनिंगला तेच नेतात?"

"व्हय."

"ट्रॅक्टर घेतला असेल मग."

बापूसाहेबांनी कप खाली ठेवला. ट्रॅक्टर घेतलेला नव्हता. कापसाची ट्रॉली ओढायला घरात ही गाडीच तेवढी होती. मग ते उठून युसूफभाईंना म्हणाले, "बदलून टाका प्लेट." आणि पेशकारांकडे वळून, हळू आवाजात: "हे आमच्या घरी बोलू नका. पोरगी नांदली पाहिजे."

युसूफभाईंना या कचेरीचा त्रास होई, कारण तपास चालू असेतोवर त्यांना गाडीला हात लावता येत नसे. "पेशकारसाब," ते कुरकुरत, "आप फैसला करते बैठो, मेरे बच्चे क्या खाएंगे?" पेशकार म्हणत, "फैसला मी करत नाही मिस्त्री, मी फक्त बयान घेतो. फैसला तुमच्या पान्यानं करायचा." हे ऐकून युसूफभाई पाना उचलत आणि हसत. पेशकार आले नसते तर त्यांना करमलं नसतं, आणि त्यांची गिऱ्हाइकं अर्धी पेशकारांसाठी येत, हेही त्यांना ठाऊक होतं.

माझे वडील, नाना, वकील होते. पेशकारांनी त्यांना उमेदीच्या काळात हरताना पाहिलं होतं आणि नानांना त्याचं काही वाटत नसे. गाडीचं काहीही काम निघालं की ते पेशकारांना बरोबर घेत. एकदा युसूफभाई हजला गेलेले असताना आमची गाडी जालना रोडवरच्या एका दुसऱ्या गॅरेजात टाकावी लागली. आमच्याकडे रिवाज असा, की नवा पार्ट घातला की मिस्त्रीने जुना पार्ट गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवायचा. दाढ काढल्यावर दंतवैद्य दाखवतो तशी. तिथल्या मालकाने एक घासून गेलेली बेअरिंग नानांच्या हातावर ठेवली. पेशकारांनी ती मागून घेतली, सायकलच्या किल्लीने तिच्यावर एक बारीक खूण कोरली, "निशाणी म्हणून" असं पुटपुटले आणि मालकाला परत दिली. पुढे आमच्या शेजारच्या डॉक्टरांची गाडी त्याच गॅरेजात गेली, नाना आणि पेशकार सोबतीला गेले, आणि डॉक्टरांच्या हातावर तीच बेअरिंग आली. पेशकारांनी चष्मा कपाळावर सरकवून ती पाहिली. "हा साक्षीदार मागंही आला होता," ते म्हणाले.

गॅरेजवाला काय समजायचं ते समजला. कोर्टाच्या आवारात पिंपळाखाली असे भाड्याचे साक्षीदार बसलेले असत आणि पेशकारांना त्यांचे चेहरे पाठ होते. खोटं बोलणाऱ्याचा त्यांना राग येत नसे, कंटाळा येई. नोकरीभर त्यांनी खोटं उतरवून घेतलं होतं, कारण तिथे समोरचा बोलेल ते लिहावंच लागे. "मोंढ्यावर तशी सक्ती नाही," ते म्हणत. "इथं खोटं बयान मी घेत नाही. परत पाठवतो." त्यांच्या निवृत्तीतला हा एवढाच एक ऐषआराम होता. ज्यांना यात विनोद दिसे त्यांना तो दिसू देत.

याच डॉक्टरांनी पुढे कोरी गाडी घेतली. गावात नवीनच शोरूम उघडलं होतं. गाडी ताब्यात देताना हार, नारळ, फोटोग्राफर आणि टाय लावलेला मॅनेजर असा सोहळा झाला. डॉक्टरांना लग्नातही एवढं कुणी विचारलं नसावं. पहिल्यांदा गाडी धुतली तेव्हा मागच्या सीटवर पाणी साचलं. डॉक्टर तक्रार घेऊन गेले तर मॅनेजर म्हणाला, "सर, इट इज नॉर्मल." दुसऱ्यांदा गेले तेव्हा बरोबर पेशकार होते. मॅनेजरने त्यांनाही नॉर्मल आहे म्हणून सांगितलं.

"असेल," पेशकार म्हणाले. "आम्हाला माहीत नाही. तुम्ही मागं बसून दाखवता का, नॉर्मल कसं असतं ते?"

मॅनेजर बसला. नाही म्हणायला त्याला कारण सुचलं नसावं. काचा वर केल्या गेल्या आणि धुणाऱ्याने पाइप सोडला. थोड्या वेळाने दार उघडून पेशकार वाकले आणि अत्यंत अदबीने म्हणाले, "साहेब, बयान द्या." मॅनेजरने टाय पिळला आणि रबर बदलून देतो म्हणाला.

ही सगळी गंमत मी इतक्या तपशिलाने सांगतो आहे, कारण पुढची गोष्ट सांगायला फार वेळ लागत नाही.

थंडीचे दिवस होते. दौलताबादच्या पलीकडे आमचं थोडं शेत आहे. नाना, आई आणि मी सकाळी तिकडे गेलो होतो. गाडी मी चालवत होतो. थोरला भाऊ, दादा, घरीच थांबला होता. आदल्या दिवशी त्याने गाडी नेली होती. "सर्व्हिसिंगला युसूफभाईकडं टाकतो, संध्याकाळी घेऊन येतो," असं नानांना सांगून नेली होती आणि दिवेलागणीला आणून लावली होती. शेतावर दुपारी जेवणाआधी नानांच्या छातीत दुखायला लागलं. त्यांना मागच्या सीटवर आईच्या मांडीवर निजवून मी गाडी काढली. किल्ल्याच्या खालच्या रस्त्यावर, जिथे पेरूवाल्या बसतात तिथे, गाडीने दोन-तीन आचके दिले आणि ती थांबली.

मी किल्ली फिरवत राहिलो. पेट्रोलचा काटा अर्ध्यावर होता. बॉनेट उघडलं, बंद केलं. एक पेरूवाली पाण्याचा तांब्या घेऊन आली. शेवटी एक एसटी आली, कंडक्टरने आणि दोघा-तिघा प्रवाशांनी नानांना उचलून आत घेतलं आणि ड्रायव्हरने मधला एकही थांबा न घेता गाडी थेट दवाखान्याच्या दारात नेली. ज्यांचे थांबे गेले ते काही बोलले नाहीत. दवाखान्यातल्या डॉक्टरने तपासलं आणि म्हणाला, "जरा आधी आणलं असतं तर…" वाक्य त्याने पुरं केलं नाही. त्याला पुढच्या पेशंटकडे जायचं असावं.

ते अर्धं वाक्य आई घरी घेऊन आली.

नंतरच्या दिवसांचं मला फारसं काही आठवत नाही. लोक आले, बसले, उठले. कुणीतरी चहा देत होतं. मला रडू आलं नाही आणि ते आलं नाही याचं काही वाटलंही नाही. अंत्यसंस्काराच्या दुसऱ्या दिवशी युसूफभाई मोटारसायकलवर आले आणि म्हणाले, गाडी रस्त्यावर आहे, घेऊन येऊ. मी त्यांच्या मागे बसून गेलो. गाडी तिथेच होती. पेरूवालीने बॉनेटवर टोपली ठेवली होती. आम्हाला पाहून तिने ती उचलली. युसूफभाईंनी बॉनेट उघडलं, थोडं आत पाहिलं. मग मागे जाऊन टाकीचं झाकण काढलं, रस्त्याकडेची एक लांब काडी आत घातली आणि बाहेर काढून पाहिली. ती कोरडी होती. त्यांनी ती मला दाखवली नाही, पण लपवलीही नाही.

"काटा अर्ध्यावर आहे," मी म्हणालो.

"वो तो हमेशा आधे पर रहता," ते म्हणाले. "नाना को मालूम था."

कॅनमधलं पेट्रोल ओतल्यावर गाडी पहिल्या किल्लीला सुरू झाली. युसूफभाई फडक्याने हात पुसत राहिले. "परसों, मतलब उसके पहले दिन, गाडी किधर गई थी?"

"तुमच्याकडंच होती ना? सर्व्हिसिंगला. दादा घेऊन आला होता."

ते रस्त्याकडे पाहत होते. "हौ," ते म्हणाले. "मेरे पासइच थी."

गाडी चालवत परत येताना माझा पाय सीटखाली कशाला तरी लागला. ती फर्दापूरच्या एका हॉटेलच्या नावाची काड्यापेटी होती. अजिंठ्याची लेणी पाहायला येणाऱ्यांसाठी तिथे हॉटेलं आहेत आणि कोंबडी चांगली मिळते. जाऊन येऊन अर्धी टाकी सहज संपते. मी काड्यापेटी खिडकीतून टाकून दिली.

तेरावा झाला, पाहुणे गेले आणि आई म्हणाली, "पेशकारांना बोलवा. गाडी का थांबली ते मला कळलं पाहिजे." आत्या म्हणाली, झालं ते झालं. आई म्हणाली, "झालं ते मला माहीत आहे. का झालं ते विचारायचंय." वकिलाची बायको होती. घरात एवढी वर्षं कारणांवरच पोट चाललेलं होतं.

पेशकार युसूफभाईंना बरोबर घेऊन आले. बाहेरच्या खोलीत, नानांच्या पुस्तकांच्या कपाटासमोर, ते सतरंजीवर बसले. आई समोर भिंतीला टेकून बसली. मी खिडकीशी. दादा आतल्या खोलीच्या दारात, चौकटीला धरून उभा होता. तो गेले तेरा दिवस जेवला होता की नाही कुणी पाहिलं नव्हतं.

पेशकारांनी मला विचारलं. गाडी कशी थांबली, एकदम की आचके देऊन? मी सांगितलं. आईला विचारलं, "वहिनीसाहेब, विचारू ना?" आईने मान हलवली. "वकीलसाहेब काही बोलले?"

"‘पोचलो का’ म्हणाले."

"तुम्ही काय सांगितलंत?"

"हो म्हटलं."

मग पेशकार युसूफभाईंकडे वळले. "मिस्त्री, आदल्या दिवशी गाडी तुमच्याकडं होती?"

आता हे सांगायला हवं, की पेशकार रोजच्यासारखे त्या दिवशीही सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्याच गॅरेजात, त्याच सीटवर बसलेले होते. कुठली गाडी आली आणि कुठली आली नाही हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. युसूफभाईंनाही ते ठाऊक होतं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"हौ साब. थी."

"काम काय केलं?"

"कार्बोरेटर खोला था. साफ किया. कुछ कचरा रह गया होंगा." ते आईकडे न पाहता, सतरंजीच्या काठाकडे पाहत म्हणाले, "मेरी गलती है, अम्मा."

आता शेवटचा प्रश्न उरला होता: त्याआधी गाडी कुणाकडं होती? तो आम्हा सगळ्यांच्याच ओळखीचा होता. नाना तर जेवताना पेशकारांची नक्कल करून तो विचारत. पेशकारांनी मान वळवली आणि दाराकडे पाहिलं. दादाने चौकट सोडली. त्याचं तोंड थोडंसं उघडलं होतं. मला वाटतं, त्याला विचारलं जावं असंच वाटत होतं.

पेशकारांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि परत घातला. "पुरे," ते म्हणाले. "बयान पुरं झालं. वहिनीसाहेब, कार्बोरेटरमध्ये कचरा राहिला. चूक मिस्त्रीची."

फैसला मी करत नाही म्हणणाऱ्या माणसाने आयुष्यात दिलेला हा एकच फैसला मी ऐकला.

आईने युसूफभाईंकडे पाहिलं. मग म्हणाली, "युसूफ, आमच्या दारात पुन्हा येऊ नकोस." युसूफभाई उठले, आदाब केला, दारात चपला घातल्या आणि गेले. त्यांच्या मागून पेशकार गेले. दोघं गल्लीतून चालत निघालेले मला खिडकीतून दिसले. सायकल या वेळी युसूफभाईंच्या हातात होती.

त्यानंतर आमच्या गाडीचं काम दुसरीकडे होऊ लागलं. कोर्टाच्या बाररूममधून बातमी पसरली आणि बऱ्याच वकिलांच्या गाड्याही युसूफभाईंकडून हलल्या. युसूफभाईंनी कुणाला काही सांगितलं नाही. पेशकार कडुनिंबाखाली येऊन बसत राहिले, पण कचेरी बंद झाली. कुणी फिर्याद घेऊन आलाच, तर ते म्हणत, "मी आता रिटायर झालो." "तुम्हाला रिटायर होऊन जमाना झाला की हो." "तेव्हा फक्त पगार बंद झाला होता." मी अधूनमधून तिकडून जाई. इंजिनं धडधडत असत, मिस्त्री कामात असत, आणि पेशकार त्या गोंगाटात हातात कप धरून बसलेले असत. गोंगाटाबद्दल ते आता काही बोलत नसत. मला पाहून ते सीटवर थोडे सरकत. मी बसे. आम्ही हवेबद्दल बोलत असू.

एकदाच मी म्हणालो, "पेशकारकाका, तुम्ही तेव्हा…"

"वहिनीसाहेबांचा बीपी कसा आहे?" त्यांनी विचारलं.

बरा आहे, मी म्हणालो. त्यांनी मान हलवली. "मग झालं तर."

दादाने ती गाडी पुन्हा चालवली नाही. पुढे त्याने बांधकामाचे ठेके घेतले, पैसा आला, शिक्षणसंस्था निघाली, मागेपुढे माणसं फिरू लागली. त्याच्या गाड्यांना ड्रायव्हर असतात. प्रत्येक ड्रायव्हरला टाकी कायम भरलेली ठेवण्याची ताकीद असते आणि याबाबतीत तो फार कडक आहे असं त्याचे लोक कौतुकाने सांगतात. आईला भेटायला तो दर रविवारी येतो, तिच्यासमोर बसतो, आणि थोड्या वेळाने उठून जातो. युसूफभाईंचं नाव आमच्या घरात कुणी काढत नसे. ठरवून नाही, तशी वहिवाट पडली.

पेशकार गेले ते झोपेत. शोकसभा वकील मंडळींनी घेतली. नंतर भरपूर बढत्या मिळालेले एक निवृत्त न्यायाधीश अध्यक्ष होते; त्यांनी पेशकारांच्या हस्ताक्षराची स्तुती केली, कारण त्यांना त्यांचं तेवढंच ठाऊक होतं. दादा प्रमुख वक्ता होता. तो चांगलं बोलतो. "पेशकारकाकांपुढं खोटी साक्ष कधी टिकली नाही," तो म्हणाला. "सत्य हाच त्यांचा धर्म होता." त्याने पाणी मागितलं. टाळ्या वाजवायच्या की नाही हे लोकांना कळेना, मग कुणीतरी वाजवल्या. मी मागच्या रांगेत होतो. युसूफभाई सभेला नव्हते. ते केव्हाच मुलाकडे सौदीत, जेद्दाला गेले होते.

घरी आलो तेव्हा आई तांदूळ निवडत बसली होती. सभा कशी झाली, तिने विचारलं. दादा काय बोलला ते मी सांगितलं, शब्दाला शब्द. ती निवडत राहिली.

"पेशकारांनी त्या दिवशी तुला विचारलं," ती म्हणाली, "मला विचारलं, युसूफला विचारलं. दिलीपला काहीच विचारलं नाही."

दिलीप म्हणजे दादा.

"तुझे वडील असते तर तिथंच उठून हरकत घेतली असती."

"मग तू का नाही घेतलीस?"

तिने एक खडा काढून बाजूला ठेवला. "एक माणूस गेलं होतं घरातलं. म्हटलं, पुरे."

"आणि युसूफभाई?"

"कुणाला तरी बोलायलाच हवं होतं मला. तो ऐकून घेणारा होता." सूप तिने हलकेच झाडलं आणि तांदूळ परत पसरले. मी आत जायला वळलो तेव्हा म्हणाली, "मघाशी तू गाडी आत घेतलीस तेव्हा आवाज येत होता. उद्या युसूफकडं टाक. मी सांगितलंय म्हणावं."

मी बरं म्हणालो. गॅरेजच्या जागी तोवर संडास-बाथरूमच्या फरश्यांचं दुकान झालेलं होतं, आणि कडुनिंब पार्किंगसाठी तोडला होता.